ताण चुकला की रीडिंग चुकलं: धमनीवर प्रयोग करताना या चुका टाळा

नवी कोल्हापुरी चप्पल चार दिवस अंगठ्याला चावते. मग तेल मुरतं, चामडं सैलावतं आणि ती पायाला बसते. धमनीची रिंग, म्हणजे आडवा कापलेला गोल तुकडा, ऑर्गन बाथमध्ये, म्हणजे कोमट द्रावणाच्या भांड्यात, टांगून ताण दिला की सुरुवातीला तसंच होतं. स्क्रीनवरची ताणाची रेघ आपोआप खाली उतरायला लागते. ते भिंतीतल्या तंतूंचं सैलावणं असतं, औषधाचा त्यात काही संबंध नाही. फरक एवढाच की धमनीत स्मूथ मसल, म्हणजे आपल्या इच्छेवर न चालणारा स्नायू, आहे आणि तो ताणाला उलट उत्तर देतो. सैलावणं कुठलं आणि उत्तर कुठलं हे ज्याला ओळखता आलं नाही, त्याचे आलेख कचऱ्यात जातात. माझे गेले आहेत.

कारण अगदी साधं होतं. उंदराच्या महाधमनीसाठी पेपरात 2 ग्रॅम ताण लिहिलेला, तोच मी बोकडाच्या रिंगला दिला. भिंत कितीतरी जाड, घेर मोठा, त्यामुळे स्नायू जवळजवळ ढिलाच राहिला. तीन आठवडे मी औषध कमकुवत आहे असं समजत होतो. आकडा उसना घेऊ नका, आपल्या रिंगचा आपण शोधा. ताण अर्ध्या-अर्ध्या ग्रॅमनं वाढवायचा, प्रत्येक पायरीला रेघ स्थिर होऊ द्यायची, स्नायू आवळवणारं 60 मिलिमोलर पोटॅशियम क्लोराईड घालून आकुंचन किती येतं ते बघायचं, धुवायचं आणि पुढची पायरी घ्यायची. आकुंचन वाढायचं थांबलं की तिथं थांबा. त्यापलीकडं ओढलं तर अ‍ॅक्टिन आणि मायोसिन या आकुंचनाच्या प्रथिनांच्या तंतूंची एकमेकांवरची पकड कमी होते आणि ताकद परत घटते. रिंगची लांबी आणि वजनही लिहून ठेवा, नाहीतर दोन रिंगांची तुलना कशी करणार?

त्यानंतर तास-दीड तास वाट बघायची, दर पंधरा मिनिटांनी द्रावण बदलायचं. पोटॅशियमचा पहिला झटका बहुधा लहान येतो. दोन-तीनदा दिल्यावर लागोपाठचे दोन सारखे आले की मगच औषध. मध्येच रेघ उतरली म्हणून स्क्रू फिरवून ताण पुन्हा 'बरोबर' करणारे मी पाहिलेत. एकदा औषध सुरू झालं की स्क्रूला हात लावायचा नाही.

आता खाटकाकडं जाऊ, कारण निम्मा प्रयोग तिथंच बिघडतो. रविवारी पहाटे गेलात तर माल ताजा मिळतो, पण गर्दीत नळी हिसकून काढतात. आधीच सांगायचं, "मामा, ती नळी ओढू नका, सुरीनं कापून द्या." आम्हाला उत्तर मिळालं होतं, "का रं पोरा, ह्याचा काय रस्सा करतोस व्हय?" हसू द्या, पण ओढू देऊ नका. एका हिसड्यात स्नायू इजा पावतो आणि आतलं नाजूक अस्तर, म्हणजे एंडोथेलियम, खरवडलं जातं. तुकडा लगेच थर्मासमधल्या बर्फगार क्रेब्स द्रावणात, म्हणजे ऊती जिवंत ठेवणाऱ्या क्षारांच्या पाण्यात, टाका. जमलं तर महाधमनीऐवजी मांडीची धमनी मागा. महाधमनीत लवचिक तंतूंचाच भरणा, शिवाय भिंत इतकी जाड की आतल्या थरांना ऑक्सिजन पोचायची मारामार.

अस्तर शाबूत आहे का, हे फिनाइलएफ्रिन या वाहिनी आवळणाऱ्या औषधानं रिंग आवळून वर अ‍ॅसिटिलकोलीन घातलं की कळतं. हे दुसरं रसायन अस्तरामार्फतच वाहिनी सैल करतं, म्हणून रिंग सैल पडली तर अस्तर जिवंत आहे. 1980 मध्ये फर्चगॉट आणि झवाडस्की यांनी सशाच्या महाधमनीवर हेच दाखवलं: अस्तर घासलं गेलं की अ‍ॅसिटिलकोलीननं ती सैल पडत नाही. ही चाचणी न करता 'औषधानं वाहिनी रुंदावली नाही' असं लिहू नका.

क्रेब्स गढूळ झालं तर कॅल्शियम आणि फॉस्फेटचा साका बसलाय. कॅल्शियम सगळ्यात शेवटी, कार्बोजेन (ऑक्सिजन आणि थोडा कार्बन डायऑक्साइड यांचं मिश्रण) सोडत असताना घाला. तापमान 37 अंश, पीएच 7.4.

एक चूक समजुतीची. 1902 मध्ये बेलिस या ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञानं सांगितलं की आतला दाब वाढला की वाहिनी फुगून न बसता आवळते. ताणामुळं पेशीचा पडदा विध्रुवित होतो (त्याच्या दोन बाजूंमधला विद्युत फरक कमी होतो), कॅल्शियमची दारं उघडतात, स्नायू आवळतो. हा गुण मुख्यतः बारीक धमन्यांचा. मोठ्या धमनीच्या रिंगमध्ये तो शोधत बसलात तर दिवस फुकट. त्यासाठी बारीक वाहिनीचा अख्खा तुकडा प्रेशर मायोग्राफवर (दाबाखाली वाहिनीची रुंदी मोजणाऱ्या यंत्रावर) बसवून आत दाब द्यावा लागतो.

धमनीच्या स्नायूच्या पेशी डिशमध्ये वाढवून ताणणाऱ्यांसाठी थोडक्यात. ताणलेल्या पेशी सिलिकॉनवर आणि तुलनेच्या पेशी प्लास्टिकच्या डिशमध्ये, असं करू नका. तुम्ही पृष्ठभाग मोजाल, ताण नाही. दोन्ही एकाच पडद्यावर, एकाच लेपावर वाढवा आणि फक्त एकीला ताणा. फार वेळा उपसंवर्धन झालेल्या, म्हणजे एका डिशमधून दुसरीत पुन्हा पुन्हा वाढवलेल्या, पेशी आकुंचनाची प्रथिनं गमावून बसतात, त्यामुळं आधी स्मूथ मसल मायोसिन तपासा. ताणानंतर पेशी ताणाच्या दिशेला आडव्या वळल्या तर घाबरू नका, त्यांची ती सवयच आहे.

आणि भिंत जाड दिसली की 'स्नायू वाढला' असं लगेच लिहायचं नाही. भिंतीतला ताण म्हणजे दाब गुणिले त्रिज्या, भागिले जाडी. दाब कायम वाढलेला राहिला की जाडी वाढवून किंवा त्रिज्या कमी करून वाहिनी तो आवरते. अतिरक्तदाबात बारीक धमन्यांत पुष्कळदा स्नायू तेवढाच असतो, फक्त लहान पोकळीभोवती नव्यानं रचलेला. म्हणून भिंतीच्या छेदाचं क्षेत्रफळ मोजा. नुसत्या जाडीवरून या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत.