इंजिन खोलण्याआधी चमचाभर ऑइल

स्कूटर चढावर दम टाकते, किक हलकी लागते. बिघाड पिस्टनच्या रिंगमध्ये की व्हॉल्व्हमध्ये? फोर-स्ट्रोक इंजिन असेल तर ते न खोलताही अंदाज येतो. सिलिंडरमधला दाब मोजणारा कॉम्प्रेशन गेज तेवढा हवा.

१. इंजिन गरम करून बंद करा, स्पार्क प्लग काढा, त्या जागी गेज बसवा.
२. थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून काटा चढायचा थांबेपर्यंत किक मारा. आकडा लिहून ठेवा.
३. प्लगच्या भोकातून ५ मिलि इंजिन ऑइल सोडा. स्कूटरचा सिलिंडर बहुधा आडवा असतो, त्यामुळे ऑइल सगळीकडे पसरायला दोन-चार किक मारा, मगच गेज लावून पुन्हा मोजा.

ऑइल रिंगभोवतीची फट तात्पुरती बुजवतं, म्हणून आकडा चांगलाच वाढला तर रिंग किंवा सिलिंडर झिजलाय. जवळपास तेवढाच राहिला तर दोष व्हॉल्व्हचा, नाहीतर हेड गॅस्केटचा (सिलिंडर आणि वरच्या हेडमधलं सील). अशा वेळी हेड उतरवायची घाई नको, आधी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हवर ठेवलेली बारीक फट, तपासा. टॅपेट घट्ट असला, म्हणजे ही फट कमी पडली, की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, आणि कित्येकदा दुखणं एवढंच निघतं.

ऑइल जास्त ओतू नका. ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. नंतर थोडा वेळ निघणारा पांढरा-निळा धूर त्याच ऑइलचा, घाबरू नका.