लिव्हरपुलात बीटल्सची घरं बघायची असतील तर

"डॉकवरून बस सुटते, दोन तासांत सगळं दाखवते, संध्याकाळी कॅव्हर्नला जा, झालं!" लिव्हरपूलला बीटल्ससाठी जायचं म्हटलं की हा सल्ला हमखास मिळतो. बीटल्स म्हणजे याच शहरातल्या जॉन, पॉल, जॉर्ज आणि रिंगो या चार पोरांचा साठच्या दशकातला बँड, आणि कॅव्हर्न हा ते जिथे वाजवायचे तो क्लब. गेली अकरा वर्षं मी हा सल्ला ऐकते आहे आणि तितकीच वर्षं खोडून काढते आहे. मी मँचेस्टरजवळ राहते. दर उन्हाळ्यात अकोल्याहून, पुण्याहून कोणी ना कोणी येतं, आणि त्यातल्या निम्म्यांना तरी लिव्हरपूल बघायचंच असतं. त्या बसमधून घरांच्या भिंती दिसतात, आत कोणी नेत नाही. आणि या पोरांची गाणी तर आतच घडली, पुढच्या लहानशा खोलीत, दारापुढच्या काचेच्या पोर्चमध्ये, खाली कोणी ओरडेल या धाकात. म्हणून माझा क्रम पक्का आहे: आधी घरं, मग चर्च, मग पेनी लेन, आणि सगळ्यात शेवटी कॅव्हर्न. दीड दिवस काढा. एका दिवसात कोंबू नका.

पायरी १: दोन घरांचं बुकिंग

सगळी मेख इथेच आहे, म्हणून इथे मी जरा वेळ घेणार आहे.

जॉन लेननचं घर 'मेंडिप्स', २५१ मेनलव्ह ॲव्हेन्यू. पॉल मॅकार्टनीचं घर २० फॉर्थलिन रोड. दोन्ही घरं आज नॅशनल ट्रस्टकडे, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहेत. पॉलचं घर ट्रस्टने १९९५ मध्ये घेतलं. जॉनचं घर त्याच्या बायकोने, योको ओनोने, २००२ मध्ये विकत घेऊन ट्रस्टला दिलं. आत जायचा मार्ग एकच, ट्रस्टची मिनीबस. तिकीट आधी ऑनलाइन काढायचं, ठरल्या वेळी ठरल्या ठिकाणी चढायचं. ती दोन्ही घरं दाखवून परत आणून सोडते. साधारण अडीच तास जातात. बस लहान असते, जागा थोड्या, आणि हिवाळ्यात काही महिने घरं बंद असतात. त्यामुळे आधी हे बुकिंग करा, मग रेल्वेचं आणि हॉटेलचं. उलटं केलंत तर पस्तावाल.

"तिथे गेल्यावर बघू, दोन जागा कुठेही मिळतात," हे आपल्याकडचं गणित इथे चालत नाही. पहिल्या खेपेला मी तेच केलं. धाकटा भाऊ आला होता. अकोल्यात कॉलेजला असताना एका घासलेल्या कॅसेटवरून गाणी ऐकून ऐकून तो गिटार वाजवायला शिकला होता. आम्ही टॅक्सी करून मेंडिप्सपुढे उतरलो. दारावर तिकीटखिडकी नाही, कोणी विचारायला नाही. पावसाची झिमझिम चालू होती. तेवढ्यात मिनीबस आली, पंधराएक माणसं उतरली, बाजूच्या फाटकातून मागे गेली आणि फाटक लागलं. भाऊ काही बोलला नाही. पोर्चच्या वरच्या लहान खिडकीकडे बघत पाऊण तास उभा राहिला. ती जॉनची खोली. तिच्या आत जायला त्याला पुढे सहा वर्षं थांबावं लागलं.

दुसऱ्या खेपेला तिकीट होतं, तरी बस चुकली. मी गृहीत धरलं की ती शहराच्या मध्यातूनच सुटणार. तिकिटावर दक्षिणेकडचं ठिकाण स्पष्ट लिहिलेलं होतं, मीच वाचलं नव्हतं. टॅक्सीने धावत गेले तोवर बस निघून गेलेली, पैसेही गेले. म्हणून हात जोडून सांगते: बस कुठून सुटते ते तिकिटावर वाचा, पुन्हा वाचा, आणि तिथे कसं पोचायचं ते आदल्या रात्रीच ठरवा. लिव्हरपूल साउथ पार्कवे स्टेशन दिलेलं असेल तर शहरातल्या लिव्हरपूल सेंट्रलहून मर्सीरेलची लोकल पकडा. वीस मिनिटं आधी पोचा. सकाळची फेरी मिळाली तर तीच घ्या, म्हणजे दुपार मोकळी राहते.

पाठीवर मोठी सॅक नको. आत फोटो काढू देत नाहीत. फोन, कॅमेरे, पिशव्या जमा करून घेतात. यावर कुरकुर करणारे पाहुणे मी पाहिले आहेत, पण माझं मत पक्कं आहे, ही बंदी हवीच. हात रिकामे असले की माणूस नीट बघतो.

आणि आत बघायला खूप आहे. मेंडिप्समध्ये मागच्या स्वयंपाकघरातून नेतात. जॉन इथे मिमी मावशीकडे वाढला, आणि तिच्या शिस्तीत त्यानेही मागच्याच दाराने यायचं असे. घर चांगलं मध्यमवर्गीय, नीटनेटकं. जॉन कामगारवस्तीतला, ही समजूत या स्वयंपाकघरातच गळून पडते. पुढच्या बाजूला तो काचेचा पोर्च आहे. गिटारचा आवाज नको म्हणून मावशी पोराला तिथे पाठवायची, आणि त्या काचा-फरशांमध्ये आवाज असा घुमतो की पोरगा तिथेच रमायचा. संधी मिळाली तर तिथे उभं राहून एक टाळी वाजवून बघा. मग वर जा. जॉनची खोली इतकी अरुंद आहे की एका वेळी दोन-तीन माणसंच मावतात. खिडकीतून मेनलव्ह ॲव्हेन्यू दिसतो. १५ जुलै १९५८ ला जॉनची आई ज्युलिया याच घरातून निघाली आणि जवळच, याच रस्त्यावर मोटारीखाली सापडून गेली. जॉन तेव्हा सतरा वर्षांचा होता.

फॉर्थलिन रोडचं घर नगरपालिकेच्या वसाहतीतलं, साध्या रांगेतलं. पॉलची आई मेरी सुईण होती. १९५५ मध्ये कुटुंब इथे राहायला आलं आणि ३१ ऑक्टोबर १९५६ ला ती कॅन्सरच्या शस्त्रक्रियेनंतर गेली. मागे वडील आणि दोन मुलगे. वडील जिम कापसाच्या व्यापारात विक्रेते होते. हे ऐकलं की मला दर वेळी आमचं अकोल्याचं कापूस मार्केट आठवतं. वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरातून याच लिव्हरपूलच्या बाजारात यायचा. पुढच्या खोलीत भिंतींवरचा कागद बघा, एकेका भिंतीवर वेगळा आहे. उरलेले तुकडे स्वस्तात मिळायचे, ते आणून लावलेले. खाली गालिचाही असाच जोडलेला. घर त्या काळी होतं तसं ट्रस्टने पुन्हा उभं केलं आहे. पॉलचा धाकटा भाऊ माइक याने काढलेले फोटो भिंतींवर आहेत. एकात जॉन आणि पॉल समोरासमोर बसून एकाच वहीत बघत आहेत, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. फोटो बघून झाला की मागे वळा. ती जागा तुमच्या पुढ्यातच आहे. आई गेलेली दोन पोरं शाळा बुडवून इथे बसायची, वडील कामावरून यायच्या आत गाणं पुरं करायची.

पायरी २: वुल्टनचं चर्च, मग स्ट्रॉबेरी फील्ड

जेवून घ्या आणि टॅक्सीने थेट वुल्टनच्या सेंट पीटर्स चर्चला जा. आधी चर्च, कारण तिथून पुढची वाट उताराची आहे. उलट आलात तर चढाने दमाल.

६ जुलै १९५७ ला या चर्चच्या जत्रेत जॉनचा तेव्हाचा बँड 'क्वॉरीमेन' वाजवायला आला होता. त्यांच्या ओळखीच्या आयव्हन वॉनने त्याच दिवशी पॉलला आणून जॉनपुढे उभं केलं. ही भेट चर्चमध्ये नाही, रस्त्यापलीकडच्या हॉलमध्ये झाली. लोक चर्चचेच फोटो काढून परत जातात, तुम्ही रस्ता ओलांडा. हॉल बहुधा बंद असतो, बाहेरची पाटी वाचता येते.

चर्चच्या आवारातल्या स्मशानभूमीत एलेनर रिग्बीचं नाव असलेला थडग्याचा दगड आहे, मृत्यू १० ऑक्टोबर १९३९, वय ४४. 'एलेनर रिग्बी' या बीटल्सच्या गाण्यातलं नाव इथून घेतलं नाही, असं पॉल सांगत आला आहे. मनात कुठेतरी राहिलं असेल, हेही त्याने मान्य केलं आहे. याच स्मशानभूमीत मिमीचा नवरा, जॉनचा लाडका जॉर्ज काका, विसावला आहे. त्याच्यापाशी कोणी थांबत नाही. तुम्ही थांबा. जॉनला लहानपणी वर्तमानपत्र वाचायला याच काकाने शिकवलं. आणि थडग्यांवर बसून फोटो काढू नका. इथल्या लोकांची माणसं इथे पुरलेली आहेत.

चालत खाली उतरलं की बीकन्सफील्ड रोडवर स्ट्रॉबेरी फील्डची लाल फाटकं लागतात, जॉनच्या 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर' गाण्यातली जागा ती हीच. साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेने १९३६ मध्ये इथे मुलांसाठी आश्रम काढला, तो २००५ मध्ये बंद झाला. २०१९ पासून आत प्रदर्शन आणि कॅफे आहे. पाय दुखत असतील तर आत जाऊन चहा घ्या. रस्त्यावरची फाटकं प्रतिकृती आहेत; मूळ फाटकं आत बागेत ठेवली आहेत.

पायरी ३: पेनी लेन

मेनलव्ह ॲव्हेन्यूवर शहराकडे जाणारी बस पकडा, पेनी लेनवरून जाते ना, हे ड्रायव्हरला विचारून चढा. पेनी लेन हा साधा रस्ता आहे. बीटल्सच्या 'पेनी लेन' गाण्यातलं सगळं, न्हाव्याचं दुकान, बँकेची इमारत, मधला निवारा, त्याच्या टोकाच्या स्मिथडाउन प्लेसच्या चौकात एकवटलं आहे, तिथेच उतरा. अग्निशमन केंद्र मात्र चौकात सापडणार नाही. ते बरंच पुढे मॅथर ॲव्हेन्यूवर आहे. पाट्या इतक्यांदा चोरीला गेल्या की रस्त्याचं नाव भिंतींवरच रंगवलं होतं.

पायरी ४: जॉर्ज आणि रिंगो

दोघांच्या गल्ल्या एका टॅक्सीत तासाभरात होतात.

रिंगोचा जन्म डिंगलमधल्या ९ मॅड्रिन स्ट्रीटचा. ही अख्खी वस्ती पाडायचं ठरलं होतं, लोकांनी लढून वाचवली. मग तो जवळच १० ॲडमिरल ग्रोव्हला राहायला गेला. गल्लीच्या तोंडाशी 'एम्प्रेस' पब आहे, तो त्याच्या पहिल्या एकट्याच्या अल्बमच्या मुखपृष्ठावर झळकला.

जॉर्ज हॅरिसन २५ फेब्रुवारी १९४३ ला वेव्हरट्रीतल्या १२ आर्नल्ड ग्रोव्हमध्ये जन्मला. खाली दोन खोल्या, वर दोन, संडास मागच्या अंगणात. वडील बसवर कंडक्टर, नंतर ड्रायव्हर. २०२४ मध्ये घराला निळी स्मृतिपाटी लागली. गल्ली पुढे बंद आहे आणि इतकी लहान की कुजबुजसुद्धा समोरच्या घरात ऐकू जाते. लोक राहतात तिथे. पडद्याआड डोकावू नका, दार तर मुळीच वाजवू नका. दोन मिनिटं उभं राहिलात तरी पुरे. एवढ्याशा घरातला हा मुलगा १९६८ च्या जानेवारीत मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत शिवकुमार शर्मांसारख्या वादकांना घेऊन रेकॉर्डिंग करत होता. मी पाहुण्यांना हे या गल्लीतच सांगते, गाडीत नाही.

पायरी ५: कॅस्बा

हे ठिकाण बहुतेक जण गाळतात, आणि मला त्याचा राग येतो. वेस्ट डर्बीतल्या ८ हेमन्स ग्रीन या मोठ्या घराच्या तळघरात मोना बेस्ट या बाईंनी २९ ऑगस्ट १९५९ ला पोरांसाठी 'कॅस्बा' हा कॉफी क्लब उघडला. मोनाबाई दिल्लीत जन्मलेल्या. त्यांचा मुलगा पीट, बीटल्सचा रिंगोच्या आधीचा ड्रमर, मद्रासला जन्मलेला. १९४५ च्या शेवटी हे कुटुंब बोटीने लिव्हरपूलला आलं. पुढे मोनाबाईंनी दागिने गहाण टाकून १९५४ च्या डर्बी या घोड्यांच्या शर्यतीत 'नेव्हर से डाय' या घोड्यावर पैसे लावले. घोडा ३३ ला १ या भावाने जिंकला आणि त्या पैशांनी हे घर घेतलं. उद्घाटनापूर्वी पोरांनी स्वतः रंगवलेलं छत अजून तसंच आहे. मान वर करून बघा, रंगाचे ओघळ दिसतात. हे कोणी पुन्हा बांधलेलं नाही. इथेही आधी बुकिंग लागतं.

पायरी ६: दुसऱ्या दिवशी शहर, आणि शेवटी कॅव्हर्न

सकाळी पिअर हेडवर चौघांचे पुतळे, मग माउंट स्ट्रीटवर पॉल-जॉर्जची शाळा आणि तिला लागून जॉनचं आर्ट कॉलेज. दोन्ही बाहेरून बघा, अर्धा तास.

मग मॅथ्यू स्ट्रीट. "कॅव्हर्न खोटा आहे, जाऊ नका," असं सांगणारे भेटतील. खरं काय ते सांगते. १९५७ मध्ये उघडलेला मूळ क्लब १९७३ मध्ये रेल्वेच्या कामासाठी बंद झाला, वरची इमारत पाडली, तळघर बुजवलं. १९८४ मध्ये जुन्या विटा वापरून तो बऱ्याचशा त्याच जागेवर, पण जास्त खोल, पुन्हा बांधला. म्हणजे जागा खरी, विटा काही खऱ्या, कमानी नव्या. हे माहीत असूनही मी दर वेळी उतरते, कारण आजही तिथे गिटार घेऊन कोणीतरी समोर वाजवत असतं.

फक्त शनिवारी रात्री जाऊ नका. गर्दीत ना दिसतं, ना ऐकू येतं. दुपारी जा. ९ फेब्रुवारी १९६१ ला बीटल्स म्हणून ते इथे पहिल्यांदा वाजले, तेही जेवणाच्या सुटीत. आसपासच्या ऑफिसांतल्या मुली डबा खात ऐकायच्या. त्याच वर्षी ९ नोव्हेंबरला ब्रायन एप्स्टाइनने, पुढे त्यांचा मॅनेजर झाला त्याने, त्यांना पहिल्यांदा पाहिलं, तेही दुपारीच. जिने उतरलात की उजवी-डावीकडे न बघता स्टेजसमोरच्या मधल्या कमानीखालची खुर्ची धरा. कडेच्या कमानींखाली खांब आड येतो आणि आवाज भिंतीवर आपटून फाटतो.