मॅमथ केव्हला आईबाबांना घेऊन जाताय? मग हे वाचा

अमेरिकेतल्या केंटकी राज्यातलं मॅमथ केव्ह, म्हणजे प्रचंड गुहेभोवतीचं नॅशनल पार्क, नॅशव्हिलहून किंवा लुईव्हिलहून साधारण दीड तास. पार्कमध्ये शिरायला पैसे नाहीत पण गुहेत टूरशिवाय सोडत नाहीत, त्यामुळे रिक्रिएशन डॉट गव्हवर आधीच बुकिंग करा, लाँग वीकेंडला तिथे जाऊन मिळेल वगैरे विसरा. आणि हो, तिथलं घड्याळ सेंट्रल टाइमचं! लुईव्हिल ईस्टर्न टाइमवर, म्हणजे तासभर पुढे. आम्ही तिथून गाडीतल्या घड्याळावर विसंबून गेलो आणि तासभर पार्किंगमध्ये तिखटमिठाच्या पुऱ्या खात बसलो.

पहिल्यांदा जाताय तर हिस्टॉरिक टूर घ्या. दोन तास, दोन मैल, पण पायऱ्या 540, त्यातल्या 155 शेवटी शेवटी एकाच टॉवरच्या, म्हणजे पाय आधीच बोलायला लागलेले असताना. गुडघे कुरकुरत असतील तर फ्रोझन नायगारा टूर बरी, छोटी आहे आणि लवणस्तंभही (पाणी ठिबकून तयार झालेले दगडी खांब, झुंबरं) तिकडेच.

हो, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा, हिस्टॉरिकमध्ये ते लटकणारे झुंबरासारखे दगड जवळपास नाहीतच. चुनखडीच्या वर वालुकाश्माचं छप्पर आहे, पाणी झिरपत नाही, सगळं ठणठणीत कोरडं. आमच्या बाबांचं "एवढ्यासाठी आलो?" सुरू झालं होतं, पण याच कोरडेपणामुळे 1812 च्या अमेरिका-ब्रिटन युद्धाच्या वेळच्या सोऱ्याच्या लाकडी टाक्या अजून शाबूत आहेत, आणि मला विचाराल तर तिकिटाचे पैसे तिथेच वसूल. रोटुंडात, म्हणजे गुहेतल्या मोठ्या गोल दालनात, कठड्याशी थांबून नीट बघा, आतून पोखरलेले ओंडके एकात एक खुपसून केलेली पाइपलाइन दिसते. टाकीत गुहेची माती भरायची, वर पाणी सोडायचं, खाली निथळलेलं पाणी पंपाने बाहेर न्यायचं, राखेच्या पाण्यात मिसळून उकळायचं की झाला सोरा, मग त्याची बंदुकीची दारू. राबणारे बहुतेक गुलाम. नंतर 1838 पासून गाइड असलेला स्टीफन बिशपही गुलामच, त्याने 1842 मध्ये गुहेचा नकाशा चक्क आठवणीतून काढला!

जॅकेट मे महिन्यातही घ्या, आत 12 डिग्रीच्या आसपास असतं. फ्लॅश, ट्रायपॉड चालत नाही, भिंतीला हात लावायचा नाही. बाहेर पडताना ओल्या मॅटवरून चालवतात, वटवाघळांना मारणारी बुरशी बुटांवरून दुसऱ्या गुहेत जाऊ नये म्हणून. तेव्हा आईला नवी कोरी कोल्हापुरी घालू देऊ नका.