भल्या पात्रासाठी मृत्युदेवता कशी निवडावी

आमच्या गावात कुणाकडे मौत झाली की एका काकांना निरोप धाडावा लागत नाही. ते आपले आपण येतात, हातात कोयता घेऊन. हिरवे बांबू पारखतात, दोन लांब ठेवून आडव्या कमच्या बांधतात आणि सुतळीची प्रत्येक गाठ दोनदा ओढून बघतात. लाकडं कुणाच्या वावरातून आणायची ते सांगतात. घरातल्या लहान पोरांना शेजारी जेवायला पाठवतात, कारण त्या गडबडीत पोरं उपाशी आहेत हे दुसऱ्या कुणाच्या ध्यानात येत नाही. मातीहून परतले की आंघोळ करून पुन्हा आपल्या कामाला. त्यांना पाहून कुणी दार लावत नाही.

आमची टोळी रविवारी संध्याकाळी ओसरीवर डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळते, म्हणजे आपापलं पात्र घडवून, फासे टाकत गोष्ट पुढे नेण्याचा खेळ. परवा एका दोस्तानं विचारलं, "मले भला क्लेरिक करायचा हाय, पण देव मौतीचा पाह्यजे. जमते का?" क्लेरिक म्हणजे देवाच्या बळावर मंत्र चालवणारा पुजारी. माझ्या डोळ्यांपुढे ते काकाच आले. जमते, आणि चांगलं जमते.

आधी देव नाही, काम ठरवा

बहुतेक जण देवांची यादी उघडतात आणि कवटीचं चिन्ह आवडलं की तोच देव घेतात. मग तीन रविवार झाले की पात्राला बोलायलाच काही उरत नाही. त्यापेक्षा आधी ठरवा की मेलेल्या किंवा मरणाऱ्या माणसासाठी तुमचं पात्र हातानं काय करतं. प्रेत उचलतं, राखण करतं, घरच्यांजवळ बसतं, की मरणाऱ्याच्या तोंडात शेवटचं पाणी घालतं?

दोस्ताचं पात्र आम्ही असंच घडवलं: पुरात वाहून आलेली बेवारस प्रेतं बाहेर काढणारा नावाडी. वैनगंगा, वर्धा पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. त्याच्या गावासाठी नकाशाही जवळच सापडला. नागपूरजवळ जुनापाणीला लोहयुगातली सुमारे ३०० शिळावर्तुळं आहेत, मोठमोठ्या दगडांच्या कड्यांच्या आतली जुनी दफनं. महुरझरीच्या अशाच वर्तुळांत माणसासोबत घोडेही पुरलेले सापडले. अशा वर्तुळाशेजारी वाढलेल्या पोराला मेलेल्यांची भीती कशी वाटेल?

नेणारा देव आणि मारणारा देव वेगळे काढा

इथे एकच प्रश्न विचारायचा: प्रेतं उठवून चालवण्याबद्दल या देवाचं म्हणणं काय? फरगॉटन रेल्म्स या खेळातल्या जगाचा मिर्कुल, ग्रेहॉक या दुसऱ्या जगाचा नेरुल हे दुष्ट देव, त्यांना बाजूला ठेवा. भाल तर खुनाचाच देव. ऑर्कस देव नसून राक्षसांचा सरदार आहे, आणि चालती प्रेतं हीच त्याची फौज. भल्या पात्राला यांच्यातलं कुणी चालत नाही.

उरतात ते कामाचे. केलेम्वोर आधी माणूस होता, योद्धा. त्याचं चिन्ह म्हणजे हाडाच्या हातात धरलेला तराजू. देव झाल्यावर सुरुवातीला तो भल्या आणि शूर आत्म्यांना झुकतं माप द्यायचा. त्यानं जगाचा तोल बिघडला, तेव्हा तो निःपक्षपाती व्हायला शिकला. मला हा देव फार आवडतो, कारण त्याचे पुजारी एकट्या मरणाऱ्या माणसाजवळ जाऊन बसतात. आमच्या नावाड्याला आम्ही हाच दिला.

तुमचं पात्र सुईण असेल तर पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळातली फरास्मा बघा. जन्म, मरण आणि नशीब तिन्ही तिच्याकडे, आणि चालत्या प्रेतांचा तिला मनापासून तिटकारा.

रेव्हन क्वीन, म्हणजे आपल्या भाषेत डोमकावळ्यांची राणी, पोरांना सगळ्यात आधी भुरळ घालते. आपल्याकडे दहाव्याला पिंडाला कावळा शिवल्याशिवाय घरची माणसं हलत नाहीत, तेव्हा ही देवी आपली वाटणारच. पण खेळाच्या २००८च्या चौथ्या आवृत्तीत तिची शिकवण अशी आहे की दुःखानं मरणाऱ्यांची कीव करू नका, मरण हा जगण्याचा स्वाभाविक शेवट आहे. भल्या पात्राला हे रोज टोचेल. टोचणी तुम्हाला खेळायची असेल तर जरूर घ्या, नाहीतर नको.

आणि जिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही ती नेफ्थिस. पाचव्या आवृत्तीच्या २०१४च्या नियमपुस्तकाच्या मागच्या यादीत ही इजिप्तची देवी मृत्यू आणि शोकाची म्हणून दिली आहे, अलाइनमेंट (खेळातला स्वभावाचा शिक्का) केऑटिक गुड. म्हणजे मुळातच भली! जुन्या कथेत ती आणि तिची बहीण इसिस घारीच्या रूपात इसिसच्या मेलेल्या नवऱ्यासाठी, ओसायरिससाठी, विलाप करतात. आपल्याकडे मयताच्या घरी दारातूनच हंबरडा फोडत येणाऱ्या, घरच्या बाईला गळ्याशी धरून मोकळं रडवणाऱ्या बाया आठवा. ते रडवणं हीसुद्धा सेवाच आहे. अशी क्लेरिक मी अजून कुठल्या टोळीत पाहिली नाही आणि कुणीतरी ती करावी असं फार वाटतं.

अलाइनमेंट

अलाइनमेंटचे दोन भाग: नियम पाळणारा (लॉफुल), मधला (न्यूट्रल) की मनमौजी (केऑटिक), आणि भला (गुड), मधला की दुष्ट (इव्हिल). पाचव्या आवृत्तीत क्लेरिकचं अलाइनमेंट देवाशी जुळायलाच हवं असं बंधन नाही. साडेतीन आवृत्तीत किंवा पहिल्या पाथफाइंडरमध्ये एका घराचं अंतर चालतं. म्हणजे लॉफुल न्यूट्रल केलेम्वोरचा भक्त लॉफुल गुड होऊ शकतो, न्यूट्रल गुड नाही. फरास्मा न्यूट्रल, तिचा भक्त न्यूट्रल गुड चालेल.

डोमेन

डोमेन म्हणजे क्लेरिकनं निवडायची देवाच्या बळाची शाखा. नावावर जाऊ नका. २०१४ची डेथ डोमेन डीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, पुस्तकात आहे आणि ती खलपात्रांसाठी लिहिली आहे. तुम्हाला हवी ती २०१७च्या पुरवणीतली ग्रेव्ह डोमेन.

२०१४च्या नियमांनी खेळताना तिचं पहिल्याच लेव्हलचं बळ बघा. शून्य हिट पॉइंटवर, म्हणजे मरणाच्या दारात, पडलेल्या सोबत्याला बरं करताना फासा टाकायचाच नाही, फाशावरचा सगळ्यात मोठा आकडा धरायचा. क्युअर वूंड्स या बरं करण्याच्या मंत्राचा आठ बाजूंचा फासा म्हणजे सरळ ८, पात्राच्या विज्डम या गुणाचे समजा ३ मिळवले की ११. मरता मरता माणूस उठून बसतो. शिवाय स्पेअर द डाइंग हा मंत्र इतरांना जवळ जाऊन हात लावून करावा लागतो, तुम्ही तो ३० फुटांवरून करता. मृत्युदेवाचा सेवक टोळीतल्या कुणाला अवेळी मरू देत नाही, हे नियमातच लिहिलेलं आहे.

अ‍ॅनिमेट डेड मात्र मंत्रांच्या यादीत दिसला तरी टाळा. प्रेतं उठवणं हे भलं कृत्य नाही आणि दुष्टच ते वारंवार करतात, असं २०१४चं पुस्तकच सांगतं.

डीएमसोबत एक संध्याकाळ बसा

मेलेल्याला परत आणणं तुमच्या देवाला चालतं का, हे खेळ सुरू व्हायच्या आधी ठरवा. ग्रेव्ह डोमेनच्या मंत्रांत रिव्हिव्हिफाय आणि रेझ डेड हे मेलेल्याला जिवंत करणारे दोन्ही आहेत, म्हणजे देवाची सरसकट मनाई नाही. रेझ डेडला ५०० सोन्याच्या नाण्यांचा हिरा लागतो, मरून १० दिवसांपेक्षा जास्त झालेले चालत नाहीत, आणि आत्म्याची स्वतःची इच्छा असावी लागते. १० दिवस आणि मेलेल्याची इच्छा! हे वाचून दोस्त उठूनच बसला, "अरे, हा तं दहावाच हाय." मग आम्ही ठरवून टाकलं की नावाडी दहाव्या दिवशी नदीकाठी घास ठेवेल. कावळा शिवला तर त्या माणसाचं काही मागे राहिलं नाही, त्याला जाऊ द्यायचं. नाही शिवला तर हिरा काढायचा. जेंटल रिपोज या प्रेत सडू न देणाऱ्या मंत्राखालचे दिवस त्या १० दिवसांत मोजले जात नाहीत, त्यामुळे वाट पाहायला सवडही मिळते.

देव स्वतः घडवायचा असेल तर

यमाला जसाच्या तसा आणून त्याच्याशी लढाई लावू नका. टोळीतल्या कुणाच्या तरी घरी धनत्रयोदशीला दक्षिणेकडे तोंड करून त्याचा दिवा लागतो. पण त्याच्या कथेतून शिकायला भरपूर आहे. कठोपनिषदात नचिकेता यमाच्या दारी तीन रात्री उपाशी थांबतो. यम घरी परततो, पाहुणा उपाशी राहिला म्हणून ओशाळतो आणि त्याला तीन वर देतो. भल्या पात्राचा मृत्युदेव घडवायला एवढा एक प्रसंग पुरतो. तुमच्या देवाचं नाव काहीही ठेवा, पण तो कशानं ओशाळतो ते आधी लिहा.

पहिल्याच खेळात दाखवा

पात्राची कवटीची माळ, काळा झगा यांचं वर्णन करत बसू नका. पहिली लढाई संपण्याची वाट बघा. आमच्यात ती संपली तेव्हा बाकीचे नाणी मोजायला धावले. नावाड्यानं खांद्यावरचा दुपट्टा काढून मेलेल्या गॉब्लिनच्या तोंडावर टाकला आणि पकडलेल्या दुसऱ्या गॉब्लिनला विचारलं, "याचं नाव काय होतं?" डीएमकडे नाव तयार नव्हतं. तो थोडा वेळ गप्प बसला, मग त्यानं वहीत एक नाव लिहिलं आणि आम्हाला वाचून दाखवलं.