वेल्डचा आकार ठरवण्याआधी शिअर फ्लो काढा

ड्रॉइंगवर ‘६ मिमी फिलेट, कंटिन्युअस’ लिहिलेलं असतं, म्हणजे दोन प्लेटांच्या कोपऱ्यात भरलेला ६ मिमीचा सलग वेल्ड. हा आकडा कुठून आला विचारलं की बहुतेक वेळा उत्तर मिळतं, “नेहमी तेवढाच देतो.” शिरोली एमआयडीसीत गर्डरची ड्रॉइंगं तपासताना मी नव्या मुलांना लगेच कॅल्क्युलेटर उघडू देत नाही. आधी सांगा, इथे काय कशावरून सरकू पाहतंय?

वह्यांची चळत वाकवली की टोकाला वह्या एकमेकींवरून सरकतात. प्लेट गर्डरची फ्लँज (वरची किंवा खालची आडवी प्लेट) वेबवरून (मधल्या उभ्या प्लेटवरून) अशीच सरकायला बघते, आणि तिला धरून ठेवतो तो वेल्ड. लांबीच्या दर मिलिमीटरला त्याला जेवढं बल पेलावं लागतं, तो शिअर फ्लो.

काढायचा असा: त्या जागेचा शिअर फोर्स (गर्डरला आडवं कापू पाहणारं बल) गुणिले क्यू, भागिले आय. आय म्हणजे पूर्ण सेक्शनचा (आडव्या छेदाचा) मोमेंट ऑफ इनर्शिया, वाकण्याला तो किती विरोध करतो त्याचं माप. क्यू मात्र फक्त सुटू पाहणाऱ्या भागाचा: त्याचं क्षेत्रफळ गुणिले त्याच्या केंद्राचं न्यूट्रल ॲक्सिसपासूनचं (वाकताना ना ताणल्या, ना दाबल्या जाणाऱ्या रेषेपासूनचं) अंतर. गल्लत होते ती इथेच, म्हणून सुटणारा भाग पेन्सिलने रंगवून घ्या. हे सूत्र रशियन अभियंता झुरावस्की यांच्याकडून आलं. सेंट पीटर्सबर्ग–मॉस्को रेल्वेच्या लाकडी पुलांवर काम करताना त्यांना या प्रश्नाला भिडावं लागलं, कारण लाकूड तंतूंच्या दिशेने शिअरला फार कमजोर असतं.

आता एक गर्डर घेऊ. वेब ४०० × ८ मिमी, दोन्ही फ्लँजा २०० × १२ मिमी, आधाराजवळ फॅक्टर्ड (सुरक्षेसाठी वाढवून धरलेला) शिअर १५० किलोन्यूटन.

आय येतो सुमारे २४.६४ कोटी मिमी⁴. एका फ्लँजचं क्षेत्रफळ २४०० चौ.मिमी आणि केंद्राचं अंतर २०६ मिमी, म्हणून क्यू ४,९४,४०० मिमी³. शिअर फ्लो सुमारे ३०१ न्यूटन प्रति मिमी. वेबच्या दोन्ही बाजूंना वेल्ड आहे, म्हणजे एकेकाच्या वाट्याला १५०.

५ मिमी फिलेटचा थ्रोट, म्हणजे भार पेलणारी सर्वांत कमी जाडी, ३.५ मिमी. आयएस ८००:२००७ या पोलादी बांधकामाच्या भारतीय संहितेप्रमाणे ४१० ग्रेडच्या शॉप वेल्डला (कारखान्यात केलेल्या) साधारण १८९ न्यूटन प्रति चौ.मिमी धरता येतात, म्हणजे क्षमता ६६० च्या वर. गरजेच्या चौपटीहून जास्त! तरी ५ च्या खाली जाता येत नाही, कारण १२ मिमीच्या प्लेटला संहितेत किमान आकारच तेवढा आहे: जाड प्लेट उष्णता झपाट्याने ओढून घेते आणि बारीक वेल्ड तडकण्याची भीती असते. पण ६ लिहायचं कारण उरत नाही. ६ च्या वेल्डला ५ च्या जवळजवळ दीडपट धातू लागतो.

मग तुटक वेल्ड चालेल का? ताकदीच्या हिशेबाने चालेल. पण माल रत्नागिरीकडे जाणार असेल तर मी कंटिन्युअसच देते. मधल्या फटीत खारी ओल शिरते आणि तिथे ब्रश पोचत नाही. क्रेन गर्डरलाही तुटक नको, वेल्डच्या टोकांपाशी फटीग (पुन्हा पुन्हा येणाऱ्या भाराने तडा जाणं) सुरू होतो.

पातळ चॅनेलमध्ये (इंग्रजी C च्या आकाराच्या सेक्शनमध्ये) नुसता आकडा पुरत नाही, फ्लोच्या दिशेचे बाण काढा. फ्लँजच्या मोकळ्या कडेला फ्लो शून्य. कोपऱ्यात जेवढा येतो तेवढाच वेबमध्ये जातो. वेबमधल्या फ्लोची बेरीज शिअर फोर्सएवढी आली पाहिजे. दोन फ्लँजांमधले बाण मात्र उलटसुलट असतात, आणि ती जोडी चॅनेलला पिळते. पीळ टाळायचा तर भार शिअर सेंटरमधून जायला हवा, आणि ते असतं वेबच्या पाठीमागे, सेक्शनच्या बाहेर. एकसारख्या जाडीच्या चॅनेलसाठी वेबपासूनचं अंतर: फ्लँजच्या रुंदीच्या वर्गाची तिप्पट, भागिले रुंदीची सहापट अधिक उंची. मापं प्लेटच्या मध्यरेषेवर घ्या. रुंदी ४०, उंची ८० असेल तर बरोबर १५ मिमी.

पत्र्याचा तुकडा वाकवून हे करून बघाच. एक टोक पक्कं धरा, दुसऱ्या टोकाला वेबच्या रेषेत वजन टांगा: चॅनेल वळतो. मग वेबच्या पाठीला पट्टी बोल्ट करून वजन १५ मिमी मागे न्या, तो सरळ खाली वाकतो. छपराच्या चॅनेल पर्लिनवर (पत्रा पेलणाऱ्या आडव्या तुळईवर) पत्र्याचा भार मात्र वरच्या फ्लँजवर येतो, शिअर सेंटरवर नाही. म्हणून पर्लिनच्या ड्रॉइंगवर क्लीट (पर्लिनला टेकूशी जोडणारा तुकडा) आणि सॅग रॉड (पर्लिनना मधे धरणारी सळई) दिसले नाहीत तर ते ड्रॉइंग मी परत पाठवते.