‘जमेल ना?’ असे विचारू नका: बहुदेशी टीम सांभाळताना होणाऱ्या चुका

चाकणच्या कारखान्यात तयार होणाऱ्या सुट्या भागाचे ड्रॉइंग जर्मनीत स्टुटगार्टजवळ तयार होते, त्याच्या डायचा, म्हणजे साच्याचा, आराखडा जपानमध्ये नागोयात तपासला जातो आणि ठरलेल्या तारखेला सॅम्पल पाठवण्याची जबाबदारी पुण्यातील टीम लीडवर येऊन पडते, ही रचना आता पुण्यात कोणालाही नवी राहिलेली नाही. अशा टीममध्ये मी अठरा वर्षे काम केले, त्यांतील अकरा वर्षे प्रमुख म्हणून. या काळात जी कामे अडकली, त्यांतील बरीचशी तांत्रिक कारणाने अडकली नाहीत. कोणीतरी ‘नाही’ म्हणत होते आणि ते ऐकून घेण्याची सोय आम्ही ठेवलेली नव्हती, म्हणून अडकली. नव्याने टीम लीड झालेली मुले-मुली सल्ला विचारायला येतात, तेव्हा त्यांना विमानात बसण्यापूर्वी वाचून होईल अशी एका पानाची यादी हवी असते: जपानी माणसापुढे किती वाकावे, व्हिजिटिंग कार्ड कसे द्यावे, जर्मन माणसाशी कोणते विषय टाळावेत. कार्ड दोन्ही हातांनी द्यावे, हे खरे आहे आणि ते दोन मिनिटांत शिकता येते. कामे मात्र दुसऱ्याच ठिकाणी बिघडतात.

होकार समजून लिहून घेतलेला नकार

सर्वांत जास्त वेळा होणारी चूक म्हणजे भरलेल्या बैठकीत ‘जमेल ना?’ असे विचारणे. या वाक्याच्या शेवटी येणारा ‘ना’ खरे तर विचारत नाही, तो उत्तर समोरच्याच्या तोंडी देतो. पुण्यातील कनिष्ठ अभियंता त्यावर ‘हो, करू’ म्हणतो, आणि फारच अडचण असेल तर ‘बघतो’ म्हणतो. घरात कोणी ‘बघतो’ म्हटले की त्याचा अर्थ काय, हे आपल्याला लहानपणापासून कळते. कॉलवर इंग्रजीत बोलू लागलो की तेच ‘बघतो’ आपण आश्वासन म्हणून नोंदवून ठेवतो. जपानी सहकाऱ्याचे ‘हाय’ हेही पुष्कळदा ‘ऐकतो आहे, पुढे बोला’ एवढ्याच अर्थाचे असते, आणि त्याने दातांतून श्वास आत ओढून ‘चोत्तो मुझुकाशी देसु ने’, म्हणजे ‘जरा अवघड आहे’, असे म्हटले, तर ते आपल्या ‘बघतो’चे सख्खे भावंड समजावे.

हे मला एका ॲल्युमिनियम ब्रॅकेटने शिकवले. प्रेशर डाय कास्टिंगचे, म्हणजे वितळलेला धातू दाबाने साच्यात भरण्याचे, काम होते आणि जर्मन प्रकल्पप्रमुखांना पहिली सॅम्पल दहा आठवड्यांत हवी होती. मी त्यांना ‘होईल’ असे आधीच कळवले होते आणि तिन्ही ठिकाणची मिळून चौदा माणसे कॉलवर घेतली, ती केवळ शिक्कामोर्तब करून घेण्यासाठी. नागोयातील ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ड्रॉइंगची छापील प्रत कॅमेऱ्यासमोर धरली. तिच्यावर एका जागी त्यांनी पेन्सिलने वर्तुळ काढले होते. तिथे एक जाड बॉस, म्हणजे बोल्टसाठी ठेवलेला उंचवटा, होता आणि त्याला लागूनच पातळ भिंत. ‘इथे जरा अवघड आहे,’ एवढे म्हणून ते थांबले. मी तीन-चार सेकंद वाट पाहिली, ती शांतता मला सोसवली नाही, आणि ‘पण आपण सांभाळून घेऊ, बरोबर?’ असे म्हणाले. ते ‘हाय’ म्हणाले. मग टूलिंग, म्हणजे साच्यांचे काम, पाहणाऱ्या पुण्यातील मुलाकडे वळून मी ‘जमेल ना?’ असे विचारले आणि तो ‘हो मॅडम’ म्हणाला. मिनिट्समध्ये मी ‘सर्वांना मान्य’ असे लिहिले.

डाय मशीनवर चढायला चौदा आठवडे लागले. पहिल्या ट्रायलचे भाग कापून पाहिले, तेव्हा त्याच बॉसच्या पोटात तुरीच्या डाळीएवढे ब्लोहोल, म्हणजे धातूतील पोकळी, निघाले, पेन्सिलच्या वर्तुळाच्या मधोमध. गेटची, म्हणजे धातू साच्यात शिरतो त्या वाटेची, जागा बदलावी लागली, म्हणजे कडक केलेल्या पोलादावर पुन्हा वेल्डिंग, पुन्हा मशीनिंग आणि आणखी पाच आठवडे. त्या मुलाला मी बाजूला घेऊन विचारले, चौदा आठवडे लागणार हे तुला तेव्हा ठाऊक होते का? तो म्हणाला, ‘हो मॅडम, पण तुम्ही त्यांना तारीख सांगून टाकली होती ना.’ त्याच्यावर रागावण्याचा मला काहीच अधिकार नव्हता. नागोयातील सहकाऱ्यांनीही त्यांच्या रीतीने स्पष्ट सांगितले होते, आणि मी स्वतःच्या हाताने त्याच्या उलट लिहिले होते.

तेव्हापासून काही सवयी मी लावून घेतल्या आहेत, आणि त्यांना पद्धत म्हणण्यापेक्षा पथ्य म्हणावे. ज्यांच्या हातून काम व्हायचे आहे, त्यांना प्रत्येकाला वेगळा फोन केल्याशिवाय मी कोणालाही तारीख देत नाही. जपानी माणसे यालाच ‘नेमावाशी’ म्हणतात. झाड दुसरीकडे लावण्यापूर्वी त्याच्या मुळांभोवतीची माती मोकळी करून घेणे, हा त्या शब्दाचा मूळ अर्थ आहे. बैठकीचे कागद दोन दिवस आधी पाठवते, म्हणजे ज्याला बोलण्याऐवजी लिहून सांगणे सोपे जाते, त्याला वेळ मिळतो. ‘जमेल का?’ऐवजी ‘कसे करणार?’ असे विचारते: पोलाद कोणत्या आठवड्यात येणार, हीट ट्रीटमेंट कोणाकडे, मशीन कधी मोकळे होणार. या प्रश्नांना ‘हो’ हे उत्तर देताच येत नाही. समोरचा थांबला, तर मनात दहापर्यंत आकडे मोजते आणि त्याआधी तोंड उघडत नाही. माझ्या वहीत बैठकीच्या पानावर दोन रकाने असतात, एकात माणूस जे बोलला ते शब्दशः आणि दुसऱ्यात मला त्यातून काय समजले ते. दोन्हींत अंतर दिसले की त्याच दिवशी त्या माणसाला फोन जातो. नवे टीम लीड म्हणतात की एवढे फोन करायला वेळ कुठे आहे. त्या ब्रॅकेटच्या बाबतीत दोन फोन पुरले असते, आणि ते न केल्यामुळे आमचे नऊ आठवडे गेले.

याच जातीची एक लहान चूक म्हणजे नकारार्थी प्रश्न. ‘तुमच्याकडे सुधारित ड्रॉइंग आलेले नाही का?’ असे इंग्रजीत विचारल्यावर जपानी सहकारी ‘यस’ म्हणाला, तर त्याचा अर्थ ‘बरोबर, आलेले नाही’ असा असू शकतो. प्रश्न सरळ विचारावा.

मध्ये उभे राहून शब्द मऊ करणे

दुसरी चूक मी कित्येक वर्षे चांगुलपणा समजून करत होते, आणि आजही बहुतेक टीम लीड ती अभिमानाने करताना दिसतात. जर्मन तपासनिसाचा शेरा येतो: ‘हे असे मान्य होणार नाही.’ आपल्या मुलांना वाईट वाटू नये म्हणून आपण तो पुढे पाठवताना ‘त्यांच्या काही सूचना आहेत, सवडीने पाहून घ्या’ असे लिहितो. मुले सूचना सवडीने पाहतात. दुसऱ्या फेरीत तोच दोष तसाच जातो, तपासनीस अधिक कडक लिहितो, आपण ते अधिक मऊ करतो, आणि तिसऱ्या फेरीपर्यंत तिकडे ‘पुण्यातील लोक ऐकत नाहीत’ आणि इकडे ‘त्यांना काहीच पसंत पडत नाही’ असे दोन समज पक्के होतात. हे दोन्ही समज त्या मधल्या माणसाने निर्माण केलेले असतात.

एका मापन अहवालाच्या वेळी हे चार फेऱ्या चालले. शेवटी मी मूळ शेरा आणि तो लिहिणारा माणूस, दोघांनाही आमच्या टेबलावर आणले. तपासनीस कामानिमित्त पुण्यात आलेच होते. त्यांनी अहवाल उघडला, बोट एका ओळीवर ठेवले आणि सांगितले की मोजणी कोणत्या तापमानाला केली ते इथे लिहिलेले नाही, म्हणून हा आकडा मला वापरता येत नाही. मापांसाठी २० अंश सेल्सिअस हे प्रमाण तापमान आहे आणि आमची मोजणी मे महिन्यात शॉपफ्लोअरवर झाली होती. ज्या मुलीने अहवाल केला होता, ती मला नंतर म्हणाली, ‘एवढेच होते तर आधी का नाही सांगितले?’ त्यांनी पहिल्याच फेरीत सांगितले होते, ते मी पोचू दिले नव्हते. त्यांच्या वाक्यात जोर ‘असे’ या शब्दावर होता: अहवाल असा चालणार नाही, वेगळा केला तर चालेल. कागदाला नाकारणे म्हणजे माणसाला नाकारणे नव्हे, हे जर्मन कार्यालयात गृहीत असते. आपल्याकडे ते सांगावे लागते, आणि ते सांगणे हेच टीम लीडचे काम आहे. मी आता शेरा जसाच्या तसा पुढे पाठवते आणि त्याखाली मराठीत दोन ओळी लिहिते: यात नेमके काय हवे आहे, आणि याला किती महत्त्व आहे. उलट दिशेनेही तेच करावे. पुण्याहून गेलेले ‘थोडा उशीर होऊ शकतो’ हे वाक्य जर्मनीत एक-दोन दिवस असे वाचले जाते. दोन आठवडे लागणार असतील, तर दोन आठवडे असेच लिहावे.

देशांच्या तक्त्यावरून माणूस ओळखणे

गीर्ट हॉफस्टेड या डच संशोधकाने आयबीएमच्या कर्मचाऱ्यांच्या सर्वेक्षणांवरून देशांना गुण दिले, त्यात अधिकारातील अंतर मान्य करण्याच्या, म्हणजे वरिष्ठ-कनिष्ठ हा फरक लोक किती सहज स्वीकारतात याच्या, बाबतीत भारत ७७, जपान ५४ आणि जर्मनी ३५ असे आकडे येतात. दोन दिवसांच्या प्रशिक्षणात हा तक्ता पडद्यावर दाखवला जातो आणि परत आलेला माणूस प्रत्येक सहकाऱ्याला त्याच्या देशाचा आकडा चिकटवून मोकळा होतो. ते आकडे देशांच्या सरासरीचे आहेत, एका माणसाबद्दल ते काहीही सांगत नाहीत, आणि हे स्वतः हॉफस्टेड यांनीही बजावले होते. माझ्या टीममधील सर्वांत तोंडावर बोलणारा माणूस नागोयाच्या कारखान्यातील होता, आणि बैठकीत शेवटपर्यंत गप्प राहून रात्री लांबलचक ईमेल पाठवणारा माणूस जर्मन होता. तक्ता एकदा जरूर पाहावा, कारण त्यामुळे आपण स्वतः कुठे उभे आहोत हे कळते. पण माणूस कळण्यासाठी त्याच्याबरोबर कामाचे काही महिने काढावे लागतात, आणि त्याला आडवाट नाही.

लहान, पण रोज होणाऱ्या चुका

सर्वांना इंग्रजी येते, म्हणजे सगळे समान पातळीवर आहेत, असे धरून चालू नये. जपानच्या राकुतेन या कंपनीने २०१० मध्ये कामकाजाची भाषा इंग्रजी करण्याचे जाहीर केले, तेव्हा लोकांना तयारीसाठी सुमारे दोन वर्षे दिली; आपण मात्र नागोयातील अभियंत्याने अर्ध्या तासाच्या कॉलमध्ये इंग्रजीत वाद घालावा अशी अपेक्षा करतो.

कॉल चालू असताना आपसांत मराठीत किंवा हिंदीत बोलू नये. बोलावेच लागले, तर काय बोललो ते लगेच इंग्रजीत सांगावे. समोरच्याला ते आपल्याविषयीच होते असे वाटते, आणि त्याच्या जागी आपण असतो तर आपल्यालाही तसेच वाटले असते.

आकडे शब्दांनी तपासावेत. जर्मनीत दशांश चिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात आणि हजारांसाठी टिंब, त्यामुळे १.२५० हे तिकडे साडेबाराशे असते. ‘हाल्ब द्राय’ म्हणजे अडीच, साडेतीन नव्हे. मराठी माणसाला हे पटकन कळायला हवे, कारण तिसरा तास अर्धा झाला हाच हिशेब आपल्या ‘अडीच’मध्येही आहे. इंग्लंडमधील सहकाऱ्याने मात्र ‘हाफ थ्री’ म्हटले, तर तो साडेतीन म्हणतो आहे.

बैठकीच्या वेळेचा त्रास दर वेळी पुण्याने सोसावा, हेही योग्य नाही. उन्हाळ्यात आपले दुपारचे एक म्हणजे नागोयात साडेचार आणि स्टुटगार्टमध्ये सकाळचे साडेनऊ, म्हणून तिन्ही ठिकाणांना सोयीची वेळ नेमकी आपल्या डब्याच्या वेळेवर येते. डबा आधी खायचा की नंतर, हे टीमला विचारून ठरवावे. प्रमुखाने परस्पर ठरवू नये. अमेरिका जोडली गेली की नागोयाच्या माणसाला रात्री अकराला बसावे लागते, तेव्हा वेळ महिन्याआड फिरती ठेवावी.

सुट्ट्यांचा तक्ता जानेवारीतच एका कागदावर आणावा: एप्रिलच्या शेवटी जपानचा गोल्डन वीक, ऑगस्टच्या मध्याला ओबोन, ऑगस्टभर जर्मन लोकांच्या लांब रजा, मग गणपती आणि दिवाळी. त्याच कागदावर मार्च आणि ऑक्टोबरचे शेवटचे रविवार लाल शाईने लिहावेत, कारण त्या दिवशी जर्मनीतील घड्याळे एक तास पुढेमागे होतात आणि आपली व जपानची होत नाहीत. ऑक्टोबरच्या त्या रविवारनंतरच्या सोमवारी पुण्यात एक वाजता कॉलवर बसलात, तर स्टुटगार्टमध्ये साडेआठच वाजलेले असतात, म्हणून आमंत्रणातील वेळ आदल्या शुक्रवारीच बदलून पाठवावी.