कासव आणि कोथिंबीर एकाच अंगणात: भाजी सुरक्षित कशी ठेवायची

वाशी-नेरुळची रो हाउस असोत, बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमधली अंगणं असोत की घोडबंदर रोडच्या तळमजल्याच्या फ्लॅटमागची दहा-बारा फुटांची पट्टी, कासव आणि भाजीचा वाफा अनेकदा शेजारी-शेजारीच येतात. कासव पालापाचोळा खातं, वाफ्यात फिरतं, शेण टाकतं, म्हणजे खताचीही सोय झाली असं वाटतं. ही समजूत धोक्याची आहे. कासवाच्या आतड्यात ताप-जुलाब आणणारे साल्मोनेला जिवाणू असू शकतात आणि कासव स्वतः अगदी ठणठणीत असतं. जिवाणू विष्ठेतून रोज बाहेर पडतातच असंही नाही, त्यामुळे एकदा तपासणी निर्दोष आली तरी निर्धास्त होता येत नाही. अमेरिकेने १९७५ पासून चार इंचांपेक्षा लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर बंदी घातली, ती लहान मुलं ही पिल्लं हाताळून आजारी पडत होती म्हणूनच.

आधी कागदपत्रांचं पाहा. पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेलं स्टार कासव वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे. ते विकत घेणं, पाळणं किंवा कोणी ‘शुभ असतं’ म्हणून भेट दिलेलं ठेवून घेणं, सगळं गुन्ह्यात मोडतं. असं कासव हाती आलं तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला कळवा. सल्काटा किंवा रेड फूटेड यांसारखी परदेशी कासवं केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी असेल तरच ठेवता येतात. विकणाऱ्याकडे नोंदणी नसेल तर व्यवहारच करू नका. त्यात सल्काटा कोरड्या आफ्रिकी पट्ट्यातलं. ते चाळीस किलोंच्या पुढे जातं, खोल बिळं खणतं आणि ठाण्याच्या पावसाळ्यातल्या ओलीत त्याला श्वसनाचा त्रास आणि कवच सडण्याचा धोका असतो. छोट्या अंगणात दमट हवा सोसणारं रेड फूटेडच बरं, ते एक-सव्वा फुटावर थांबतं.

आता जागेची आखणी. सगळा विचार एका नियमावर बेतायचा: भाजी कासवाकडे जाईल, कासव भाजीकडे येणार नाही.

अंगणाचा उतार पाहा. एक बादली पाणी ओता आणि ते कुठे वाहतं ते बघा. कासवाचा कप्पा खालच्या बाजूला, भाजी वरच्या बाजूला. हे उलटं झालं तर जूनच्या पहिल्या मोठ्या सरीत कप्प्यातली घाण थेट मुळ्याच्या वाफ्यात उतरते. आपल्याकडचा पाऊस मातीचे शिंतोडेही हात-दीड हात उंच उडवतो. म्हणून कप्पा आणि वाफा यांच्यात किमान एक मीटर फरशी किंवा खडीची पट्टी ठेवा आणि भाजी दोन फूट उंच वाफ्यात किंवा कुंड्यांत घ्या. कप्प्याची भिंत चिऱ्याची किंवा विटांची, जमिनीवर दीड फूट, जमिनीखाली एक फूट. जाळी लावू नका. पलीकडचं दिसलं की कासव दिवसभर तिथेच धडका देतं आणि नाक सोलून घेतं. कोपऱ्यांवर आडवी फळी बसवा, कारण चढायचा प्रयत्न कोपऱ्यातच होतो. रात्रीसाठी वरून पत्रा आणि जमिनीपासून वीतभर उचललेली कोरडी खोली हवी. कावळे आणि मुंगूस पिल्लांवर टपलेले असतात, तेव्हा पिल्लं असतील तर कप्प्यावर झाकणाची जाळी लागेलच.

कप्प्यावर मांडव घालून दुधी, दोडका, पडवळ, कारलं चढवायला हरकत नाही. सावली होते, फळं वर लटकतात आणि शिजवूनच खाल्ली जातात. खाली गळून पडलेलं फळ मात्र घरात आणायचं नाही. काकडीचा वेल तिथे चढवू नका.

सगळ्यात घाण जागा कुठली, तर पाण्याची परळ. कासव पाण्यात बसलं की पोट मोकळं करतं. सकाळी भरलेली स्वच्छ परळ दुपारपर्यंत हिरवट-तपकिरी होते, तळाशी गाळ आणि कडेला चिकट थर धरतो. आणि हेच पाणी ‘जीवामृतासारखं’ म्हणून कोथिंबिरीला घातलं जातं! या एका सवयीने बाकीची सगळी काळजी वाया जाते. ते पाणी जास्वंद, नारळ, केळ, शेवगा यांच्या बुंध्याशी ओता, पण झाड भाजीच्या वाफ्यापासून लांब आणि उताराच्या खाली असेल तरच. परळ रोज रिकामी करून घासायची, तीही अंगणातल्या नळाशी, वेगळ्या ब्रशने. स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये कधीच नाही. परळीतलं पाणी कासवाच्या हनुवटीपर्यंतच, त्यापेक्षा खोल नको.

पाइपचंही बघा. कप्पा धुतल्यावर पाइपचं तोंड तिथेच चिखलात पडून राहतं आणि संध्याकाळी त्याच पाइपने मेथीवर फवारा जातो. पाइप खुंटीला अडकवा, जमत असेल तर भाजीला ठिबक करा. खुरपं, घमेलं, झाडू आणि चपला कप्प्यासाठी वेगळ्या. खुरप्याच्या दांड्याला लाल रंग फासून ठेवला की घरातल्या कोणाचाही गोंधळ होत नाही.

विष्ठा रोज सकाळी उचला. घरच्या खताच्या टोपलीत ती टाकू नका. जिवाणू मरायला ढीग ५५ अंश सेल्सिअसच्या वर सलग काही दिवस तापावा लागतो आणि टोपलीभर ओल्या कचऱ्यात तेवढी ऊब तयार होत नाही. फुलझाडांच्या मुळाशी पुरून टाकणं उत्तम.

खाणं कडप्प्याच्या तुकड्यावर वाढा, म्हणजे धुता येतं. हरळी, जास्वंदीची पानं-फुलं, तुतीचा पाला, शेवग्याचा पाला, काटे काढलेलं फड्या निवडुंग हे नेहमीचं. रेड फूटेडला थोडं फळही चालतं. पालकात ऑक्झलेट जास्त असतं, म्हणून तो क्वचितच. अळू, कण्हेर, घाणेरी, डिफेनबेकिया, टोमॅटो-बटाट्याचा पाला कप्प्याच्या आसपासही नको. भात, पोळी, ब्रेड देऊ नका. कॅल्शियमसाठी आयुर्वेदिक दुकानात मिळणारा समुद्रफेनाचा अख्खा तुकडा ठेवा. उरलेला पाला संध्याकाळी उचला, नाहीतर घुशी-उंदीर येतात आणि पावसाळ्यात त्यांच्या मुतातून लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) भीती वेगळीच.

पावसाळ्यात वाफ्यांवर मोठ्या आफ्रिकी गोगलगाई तुटून पडतात. त्यांच्यासाठी मिळणाऱ्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या कासवाला विषारी आहेत. रात्री टॉर्च घेऊन हातमोज्याने गोगलगाई वेचा आणि मिठाच्या पाण्यात टाका. मुंग्यांची पावडरही कप्प्याजवळ टाकायची नाही. ज्या भाजीवर औषध फवारलं, तिचा पाला कासवालाही नको.

आता स्वयंपाकघर. आपल्याकडे कच्चं म्हणजे फक्त कोशिंबीर, असं समजलं जातं. पण पोह्यांवर भुरभुरलेली कोथिंबीर, हिरवी चटणी, पाणीपुरीचा पुदिना, ताकातली कढीपत्त्याची कच्ची पानं हे सगळं कच्चंच. कोथिंबीर, पुदिना, मुळा, गाजर, काकडी, टोमॅटो ही पिकं कप्प्यापासून सगळ्यात दूर आणि उंच ठेवा. कप्प्याच्या बाजूला माठ, भेंडी, वांगी, चवळी लावा. उकळी आली की साल्मोनेला मरतो. फ्रिजमध्ये तो मरत नाही, फक्त त्याची वाढ मंदावते.

भाजी धुताना आधी मुळं आणि माती बाहेरच काढून टाका, मग वाहत्या पाण्याखाली पानं सुटी करून चोळा. मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यावर विसंबू नका. फूड ग्रेड ४ टक्के सोडियम हायपोक्लोराइट असेल तर ५ लिटर पाण्यात सुमारे ६ मिली घालून पाच मिनिटं बुडवा आणि पिण्याच्या पाण्याने धुवा. याने जिवाणू कमी होतात, पण पानाच्या चिरेत आणि देठात शिरलेले सुटतात. म्हणूनच धुण्यापेक्षा वाफा लांब ठेवण्यावर भर द्यायचा. कासवाला हात लावला की साबणाने २० सेकंद हात धुवायचे, मुलांचे आपण उभं राहून धुवायचे. पाच वर्षांखालच्या मुलांनी, गरोदर बायकांनी आणि केमोथेरपी चालू असलेल्यांनी कप्प्याची साफसफाई करू नये. घरात कोणाला ताप, पोटात कळा आणि जुलाब सुरू झाले तर डॉक्टरांना ‘घरी कासव आहे’ हे आपणहून सांगा. लागण झाल्यावर त्रास सहा तासांपासून सहा दिवसांत कधीही सुरू होऊ शकतो.

आणि कासव वाफ्यात शिरलंच तर? विष्ठा मातीसकट उचला. त्या वाफ्यातलं उभं पीक कच्चं खायचं नाही. ज्याला माती लागली ते पान टाकून द्या, बाकीचं शिजवा. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमात कच्चं शेण मातीत गेल्यापासून मातीला टेकणारं पीक काढेपर्यंत १२० दिवस, न टेकणारं असेल तर ९० दिवस ठेवतात. कच्च्या खायच्या पिकाला तेच माप इथे धरा. समजा, कासव १ जुलैला वाफ्यात शिरलं, तर १२० दिवस २९ ऑक्टोबरला भरतात. कोथिंबीर चाळीस-पंचेचाळीस दिवसांत तयार होते, म्हणून सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात धणे पेरले तर काढणी त्या तारखेनंतरच येते. तोवर वाफा रिकामा ठेवायला नको, त्यात शिजवून खायची भेंडी होऊन जाते. वाफ्याच्या कडेला पाटी खोचून त्यावर तारीख लिहून ठेवा, दोन महिन्यांनी कोणालाच आठवत नाही.